मागून येणारा अवुले

अवुले बकारीनं शिडाच्या नावांच्या तीन शर्यती जिंकल्या. तिन्ही वेळा नाव जिंकली तेव्हा तो नावेत नव्हता. आमच्या बेटावर यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शर्यत नाव जिंकते. तिच्यातली माणसं किती पोचली हा वेगळा प्रश्न, आणि तो ज्याच्या त्याच्या घरच्यांनी विचारायचा.

प्रकार साधा आहे. उघड्या समुद्रात वारा जोराचा असला की नाव एका अंगावर कलते. मग वाऱ्याच्या बाजूला एक लांब फळी बाहेर काढायची आणि तिच्यावर पोरं बसवायची, म्हणजे नाव सरळ राहते. फळीच्या अगदी टोकाला सगळ्यांत जड पोरगा. तो नसला तर नाव उलटते. पण शर्यतीचा शेवट खाडीत आहे, तिवरांच्या आडोशाला, आणि तिथे वारा हटकून पडतो. वारा पडला की तोच जड पोरगा ओझं होतो. तेव्हा तो उतरतो. उतरतो म्हणजे समुद्रात. मागून येणारी एखादी मासेमाराची होडी त्याला उचलून आणते. नियम एवढाच, की नावेतून निघालेला प्रत्येक जण मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाआधी जमिनीवर असला पाहिजे. कुठल्या जमिनीवर, ते आमच्या वडीलधाऱ्यांनी मोकळं ठेवलं होतं.

उतरणाऱ्याला मान असतो. जिंकलेल्या नावेची पोरं एका मोठ्या थाळ्याभोवती जेवायला बसतात, तेव्हा नारळाच्या भातावरचा माशाचा पहिला तुकडा उतरणाऱ्याचा. तो त्याच्या बाजूला सरकवून ठेवतात आणि जेवायला सुरुवात करतात. उतरणारा येईपर्यंत तुकडा गार झालेला असतो, भातही गार झालेला असतो आणि बहुतेक संपलेला असतो. मान मात्र तसाच असतो.

अवुले आमच्या एम्बेनी गावचा. त्याची आई झुहुराकाकू भट्टीत बाजरीच्या जाड भाकऱ्या भाजून विकायची. बाप एका जहाजावर चढून मोंबासाला गेला आणि तिथून पुढे कुठे गेला याबद्दल गावात दोन मतं होती. पोरगं भाकरीवर वाढलं आणि असं वाढलं की मदरशातल्या बाकावर त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे, कारण बाक त्याच्या बाजूनं खाली जाई. पोरांनी त्याला ‘नांगर’ म्हणायला सुरुवात केली. त्यानं तेही नाव घेतलं. त्याला काहीही दिलं तरी तो घ्यायचा. ठेवाल तिथे राहायचा. एकदा मशिदीच्या ओट्यावर त्याला कुणीसं म्हटलं, “इथेच थांब, आलोच,” आणि तो माणूस विसरला. अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला लोक आले तेव्हा अवुले तिथेच होता.

‘सुबिरा’ ही नाव बासलीम शेठची. सुबिरा म्हणजे धीर, आणि तिच्यात बसायला तो लागायचाच. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे होते. एक डोळा पुसत चालला होता, त्यामुळे ती कायम कुणाला तरी खुणावत असल्यासारखी दिसे. गावातली आम्ही आठ पोरं तिच्यावर वाळू वाहायचो. एक दिवस शेठ कॉफी पीत बसला असताना आमच्यातला लाली, ज्याची जीभ कधी तोंडात मावली नाही, म्हणाला, “शेठ, ही नाव आमच्या हाती दिलीत तर मिकोकोनीवाल्यांना मागे टाकू.”

“शर्यतीत?”

“शर्यतीत.”

मिकोकोनी हे समोरच्या बेटावरचं गाव. आमच्या बापांच्या आठवणीत तरी त्यांना कुणी मागे टाकलं नव्हतं. शेठनं कप खाली ठेवला. “तीन वर्षं ओळीनं जिंका,” तो म्हणाला, “नाव तुमची.” मशिदीसमोर, चार माणसांत म्हणाला. दिलदार माणूस होता. शिवाय नाव तिसऱ्या वर्षापर्यंत टिकेल असं त्याला वाटत नव्हतं.

स्वतःची नाव म्हणजे काय, हे सांगायची आमच्याकडे गरज नाही. नाव असेल तर माणूस घरी जेवतो. नसेल तर दुसऱ्याच्या नावेवर चढून तिवराचे वासे तोडायला महिना महिना चिखलात राहतो, किंवा मोंबासाला जातो आणि त्याच्याबद्दल गावात दोन मतं होतात.

पहिल्या सरावाला आम्ही नाव मशिदीच्या पायऱ्यांसमोर बुडवली, तीही जुम्म्याचा नमाज सुटताना. आठही जण तांडेल होते, हे त्याचं कारण. प्रत्येक जण ओरडून दुसऱ्याला सांगत होता. फक्त दोघे गप्प होते: अवुले, कारण तो फळीच्या टोकावर होता आणि त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि मी, कारण मी तळाशी पाणी उपसत होतो. सुबिराला पाणी फार लागायचं. सगळ्या शर्यती मी तिच्या तळाशी बसूनच खेळलो आहे. बाजूंच्या फळ्या, लोकांचे पाय आणि वर शिडाचा एक तुकडा, एवढाच माझा समुद्र. तेव्हा इथे जे मी पाहिलं म्हणून सांगतो ते बहुतेक पाण्याच्या डबक्यात पाहिलेलं आहे.

सुकाणूवर शेकुवे होता. आमच्याच वयाचा, बारीक, आणि पोटात काय चाललंय ते चेहऱ्यावर येऊ न देणारा. त्याच्या बापाला लोक चांगला तांडेल म्हणायचे, त्यामुळे तो जन्मल्यापासून त्या शब्दाच्या ओझ्याखाली होता. नाव बुडाल्याच्या दिवशी त्यानं कुणाला शिवी दिली नाही. संध्याकाळी सगळ्यांना त्यानं आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि मधे एकच थाळा ठेवला.

“आजपासून रोज इथे जेवायचं,” तो म्हणाला. “बोलायचं नाही. कुणाचा हात कुणाला लागला नाही पाहिजे, आणि सगळ्यांचं एकदम संपलं पाहिजे.”

“ही नाव चालवायची शिकवण आहे की लग्नाची?” लालीनं विचारलं, आणि त्याला लगेच एक टपली मिळाली, कारण बोलायचं नव्हतं.

आम्हाला तो वेडेपणा वाटला. एका थाळ्यात तर आम्ही जन्मभर जेवत आलो होतो. पण जेवणं वेगळं आणि बघून जेवणं वेगळं. काही दिवसांनी कळायला लागलं की लाली घास घेण्याआधी खांदा उचलतो, अमुक एक जण रस्सा संपत आला की घाई करतो, आणि नांगर, जो सगळ्यांत जड आणि सगळ्यांत भुकेला, तो सगळ्यांत हळू जेवतो आणि आपल्या बाजूचा मासा न बोलता मधे ढकलतो. मान वर न करता शेजाऱ्याचा हात कुठे जाणार ते समजायला लागलं. मग नावेतही समजायला लागलं. शेकुवे फक्त जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचा, आणि फळीवरची पोरं एका अंगानं आत सरकायची, लाली शिडाची दोरी सोडायचा, शीड मस्तकावरून दुसऱ्या बाजूला जायचं, पोरं दुसऱ्या बाजूच्या फळीवर. खाली माझ्या पायाशी पाणी या कडेवरून त्या कडेला जायचं, न सांडता. त्या पाण्यावरून मला कळायचं की वर सगळं ठीक चाललंय.

पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो. वारा पडला, शेकुवेनं फळीकडे बघून म्हटलं, “नांगर,” आणि अवुलेनं “हो” म्हटलं आणि तो उतरला. त्याची उतरायची एक पद्धत होती. इतर गावांचे उतरणारे धपकन उडी टाकतात आणि नावेला मागे धक्का देतात. अवुले बिछान्यातून उठून गेल्यासारखा जायचा. नावेला कळायचंही नाही.

झुहुराकाकू धक्क्यावर बायकांच्या घोळक्यात उभी होती. बायकांनी जिभा हलवून किलकिलाट केला, तिनंही केला. मग नावेतली पोरं मोजली आणि थांबली.

“माझं कुठाय?”

“येतोय काकू, मासेवाल्याबरोबर,” लाली म्हणाला. “त्याच्यामुळेच जिंकलो.”

“लोकांची पोरं शीड फडकवत येतात,” ती म्हणाली, “आणि माझं मागून येतं, भिजलेल्या पोत्यासारखं.”

दुसऱ्या वर्षी शब्द थोडे बदलले, बाकी तेच झालं. फक्त त्या वेळी तिनं पोरं मोजली तेव्हा तिला डोळ्यांवर हात धरावा लागला. तिच्या डोळ्यांवर साय येत होती. भट्टीच्या धगीनं, असं तिचं मत. वयानं, असं दवाखान्यातल्या माणसाचं. तिसऱ्या वर्षीच्या मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या शर्यतीच्या आधी ती भाकरी भट्टीतून काढताना बोटं भाजून घ्यायला लागली.

“या वेळी तरी नावेत बसून ये,” ती एक दिवस पोराला म्हणाली. आम्ही तिच्या ओट्यावरच होतो. “पुढच्या वर्षी तू घोड्यावर बसून आलास तरी मला कळायचं नाही.”

अवुलेनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी थाळ्यावर तो बोलला. तो नियम मोडून बोलला म्हणून सगळ्यांचे हात थांबले.

“यंदा मला नाही उतरायचं.”

कारण सगळ्यांना माहीत होतं. तिसरं वर्ष होतं, नाव आमची व्हायची होती, आणि हेही सगळ्यांना माहीत होतं. शेकुवेनं बोटं चाटून पुसली.

“नाही उतरायचंस,” तो म्हणाला. “हरलो तरी चालेल. वल्लाही, उतर म्हणून तुला कुणी म्हणणार नाही.”

त्याचा शब्द मनापासूनचा होता. अवुले नावेत राहणार म्हणून आम्ही बाकी सगळं हलकं करायला लागलो. जुनं जड सुकाणू रंधून पातळ केलं. फटींमधला सडका कापूस काढून शार्कच्या तेलातला नवा ठोसला, म्हणजे पाणी कमी येईल. पिण्याच्या पाण्याचं मडकंसुद्धा न्यायचं नाही ठरलं. लाली म्हणाला, मी तोंडातला शब्दही बाहेर टाकून हलका होतो, आणि शेकुवे म्हणाला, मग तू वाऱ्यावर उडशील. एका माणसासाठी सात माणसं एवढी झटलेली मी पुढे कधी पाहिली नाहीत. पुस्तकात वाचली आहेत.

शर्यतीच्या दिवशी बाहेरच्या समुद्रात कुसीचा, दक्षिणेकडचा वारा असा होता की फळीच्या टोकावर अवुलेचे पाय लाटांत बुडत होते. तिथे आम्ही सगळ्यांच्या पुढे गेलो. मग खाडीचं तोंड आलं, तिवरं आली आणि वारा पडला. शीड एकदा फडफडलं आणि लटकलं. फळी आत ओढली. अवुलेला मागे, सुकाणूजवळ बसवलं, म्हणजे नाळ उचललेली राहील. शिडावर पाणी शिंपडलं. ओलं कापड थोडा जास्त वारा धरतं. धक्का दिसायला लागला होता. धक्क्याचं टोक आणि समोर पाण्यात रोवलेला तिवराचा खांब, या दोहोंमधून पार व्हायचं.

मिकोकोनीची नाव मागून सरकत सरकत आमच्या बरोबरीला आली. आणि मग एक माणूस आमच्या कडेनं वाहत मागे गेला. तो त्यांचा उतरणारा होता, चांगला थोराड. पाठीवर पडून तो आरामात तरंगत होता. अवुलेकडे बघून त्यानं हात वर केला.

“सलाम,” तो म्हणाला.

“वालेकुम,” अवुले म्हणाला.

दोघांचा धंदा एक होता. तो माणूस मागे गेला आणि त्यांची नाव पुढे.

आम्ही शब्द पाळला. उतर असं कुणीही म्हटलं नाही. सगळे समोर बघत होते, जरा जास्तच समोर बघत होते, असं लालीनं मला नंतर सांगितलं. मला पाय दिसत होते. ते सगळे एका दिशेला वळलेले होते.

मग माझ्या मागच्या बाजूला साठलेलं पाणी हळूच पुढे आलं आणि माझ्या घोट्यांना लागलं. पिछाडी हलकी झाल्याशिवाय पाणी पुढे येत नाही. आवाज काहीच झाला नव्हता.

“नांगर उतरला,” मी खालून म्हणालो.

कुणी मागे बघितलं नाही. एवढी एकजूट आमच्यात आधी कधी झाली नव्हती.

नाव सुटल्यासारखी पुढे गेली. खांबाजवळ आम्ही मिकोकोनीला एका नाळेनं मागे टाकलं. धक्क्यावर जे ओरडणं झालं ते मला तळाशीही ऐकू आलं. लोक पाण्यात उतरून नावेला हात लावायला लागले, बासलीम शेठ आनंदानं हसत होता आणि मधूनमधून हसायचं विसरत होता. झुहुराकाकूला दोन बायकांनी धरून पुढे आणलं. ती डोळ्यांवर हात धरून नावेकडे बघत होती, पण थोडी बाजूला.

“यातला माझा कुठला?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेकुवे अजून सुकाणूवर होता.

“तो काय काकू,” तो म्हणाला. “पिछाडीला. माझ्या शेजारी.”

काकूनं किलकिलाट केला. बराच वेळ केला. बाकीच्या बायका थांबल्या तरी ती करत होती.

अवुले ऊन उतरताना आला, कालवं आणायला गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या होडीतून. लालीनं धावत जाऊन त्याला कानात सगळं सांगितलं. तो तसाच निथळत आईजवळ गेला.

“बघितलं मी तुला,” ती म्हणाली. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो ओल्या सदऱ्यावर तसाच राहू दिला. “भिजलास की रे.”

“जिंकलेल्यांना पाण्यात ढकलतात,” अवुले म्हणाला.

“हो का,” ती म्हणाली. “मग बरोबर.”

त्या संध्याकाळी थाळ्यावर माशाचा पहिला तुकडा अवुलेच्या बाजूला ठेवलेला होता. त्यानं तो मधे ढकलला. आम्ही तो परत त्याच्या बाजूला सरकवला. शेवटी तो थाळ्यातच राहिला आणि सकाळी मांजरानं नेला.

नाव आमची झाली. त्यानंतर आम्ही शर्यतीत कधी उतरलो नाही. दुसऱ्याची नाव माणूस शर्यतीत घालतो; स्वतःची असली की तो वाळू वाहतो. आधी आठ मालक होते, मग सहा. एकाला मोंबासानं नेलं, एकाला त्याच्या सासऱ्यानं. मला मदरशात शिकवायची नोकरी मिळाली आणि माझं उपसायचं भांडं दुसऱ्याच्या हाती गेलं. शेवटी सुबिरावर शेकुवे आणि अवुले दोघेच उरले. वर्षानुवर्षं ते दोघे वाळू, चुन्याचे दगड, वासे आणि लग्नाची वऱ्हाडं वाहत राहिले. अवुलेनं म्वानाहावाशी लग्न केलं. त्याला तीन मुली झाल्या. तिघींनाही आजीनं भाकरी शिकवली, डोळे मिटून शिकवली, कारण तिला उघडे आणि मिटलेले सारखेच झाले होते. गावात कुणाची नाव वाळूत रुतली की अवुलेला हाक मारायची. तो यायचा, खांदा लावायचा, आणि नाव पाण्याला लागली की लोक तिच्यात चढून निघून जायचे. तो परत चिखलातून चालत यायचा. सुकाणू त्यानं कधी हातात घेतलं नाही. शेकुवेनं दिलंही नसावं आणि त्यानं मागितलंही नसावं.

दोघांत भांडण असं कधी ऐकलं नाही. पण दोघे एका थाळ्यात जेवत नसत. शेकुवे पिछाडीला बसून जेवायचा, अवुले नाळेवर.

त्याचं कारण मला शेकुवेनं एकदा कॉफीवाल्याच्या बाकावर सांगितलं, न विचारता. त्या दिवशी अवुले उतरला खरा, पण लगेच सुटला नाही. सुकाणूमागे एक दोरी लोंबत असते, ती त्यानं धरून ठेवली होती.

“सुकाणू हाताला एकदम जड लागलं,” शेकुवे म्हणाला. “मी मागे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.”

“मग?”

“मग काय. मी पुढे बघितलं. आणि सुकाणू हलकं झालं.”

त्यानं कप उलटा ठेवला. कॉफीवाल्यानं तो उचलला आणि विषय तिथेच राहिला.

गेल्या वर्षी शेकुवेनं नाव विकली. एंजिनाच्या होड्या आल्यावर तिला काम उरलं नव्हतं. विकत घेणारा पलीकडच्या गावचा सुतार. तो जुन्या नावांच्या फळ्यांच्या खुर्च्या करतो आणि पाहुण्यांच्या हॉटेलांना देतो. फळीतली खिळ्यांची भोकं तशीच ठेवली तर जास्त पैसे मिळतात म्हणे. नाव पोचवून द्यायची होती. शेकुवे मदरशाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“पाणी उपसायला कुणी नाही,” तो म्हणाला.

“मी साठीचा झालो रे.”

“पाण्याला काय माहीत.”

तेव्हा आम्ही तिघे निघालो. सुबिराला पूर्वीपेक्षा जास्त पाणी लागत होतं आणि मला पूर्वीपेक्षा कमी उपसता येत होतं. अवुले शिडाच्या दोरीवर होता. अंगानं तसाच थोराड, दाढी पूर्ण पांढरी. शेकुवे सुकाणूवर. सुताराच्या गावची वाट जुन्या धक्क्यासमोरून जाते. नवा धक्का दुसरीकडे झाल्यापासून तिथे कुणी नसतं, पण तिवराचा खांब अजून उभा आहे, त्याच्यावर बगळा बसतो.

तिवरांच्या आडोशाला आलो आणि वारा पडला. नेमानं पडतो तो. शीड लटकलं. नाव भरतीबरोबर इंचाइंचानं पुढे जात होती. कुणाला घाई नव्हती, कारण खुर्च्यांना घाई नसते.

“अवुले,” शेकुवे म्हणाला, “इकडे ये. हे जरा धर.”

अवुले मागे गेला. शेकुवेनं सुकाणूचा दांडा त्याच्या हातात दिला, टोपी काढून फळीवर ठेवली, आणि उतरला. त्याला अवुलेसारखं उतरता येत नव्हतं. धपकन आवाज झाला आणि नाव मागे हिसडली. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं. या वेळी मात्र मी उठून उभा राहिलो आणि कडेवरून बघितलं.

शेकुवे मागे पाण्यात होता. वय झालेला माणूस पाण्यात फार लहान दिसतो.

“काय झालं रे?” अवुलेनं विचारलं.

“वारा पडला,” शेकुवे म्हणाला. त्याला धाप लागली होती. “तू जा पुढे. खांब समोरच आहे. मी येतो मागून.”

अवुले दांडा धरून उभा होता. खांब खरंच समोर होता. बगळ्यानं एक पाय वर घेतलेला मला दिसत होता. भरती नावेला त्याच्याकडे नेत होती. काही न करता नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं, आणि नुसतं उभं राहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं खांबाकडे बघितलं. मग मागे बघितलं आणि बघतच राहिला. मग त्यानं दांडा सोडला, खाली वाकून नांगर उचलला आणि पाण्यात सोडला. साखळी खडखडली. नाव जागच्या जागी थांबली आणि हळूहळू फिरून मागे तोंड करून उभी राहिली, आपल्या एका डोळ्यानं शेकुवेकडे बघत.

“गाढवा,” शेकुवे पाण्यातून म्हणाला. “खांब दोन वावांवर होता.”

“दोरी धर.”

“मी म्हटलं ना, येतो मागून.”

“मागून येणं केवढं लांब असतं,” अवुले म्हणाला, “ते तुला माहीत नाही. दोरी धर.”

शेकुवेनं दोरी धरली. त्याला वर घ्यायला आम्हाला बराच वेळ लागला. अवुलेची ताकद पूर्वीची राहिली नव्हती आणि माझी कधीच नव्हती. वर आल्यावर तो तळाच्या पाण्यात तसाच बसून राहिला. अवुलेनं आपल्या खांद्यावरची लुंगी त्याच्या पाठीवर टाकली.

“मी बघितलं होतं तुला त्या दिवशी,” शेकुवे म्हणाला.

“माहीत आहे. मीही तुला बघितलं.”

“वळायला पाहिजे होतं मी.”

“वळला असतास तर हरलो असतो,” अवुले म्हणाला. “मग मी तुला आयुष्यभर बोल लावला असता.” त्यानं लुंगीचं टोक शेकुवेच्या खांद्यावर ओढलं. “पण वळायला पाहिजे होतंस.”

मी पाणी उपसायला लागलो. कुणीतरी उपसायलाच हवं होतं.

“काकूला खरं वाटलं होतं ना?” शेकुवेनं विचारलं. “मी सांगितलं ते.”

“आई मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, माझा पिछाडीला बसला होता म्हणून.” अवुले साखळीशी खेळत होता. “मला मात्र कधी म्हणाली नाही. मला फक्त एकदा विचारलं, पाणी फार गार होतं का रे.”

एवढ्यात भरती संपली आणि ओहोटी लागली. नांगर उचलला असता तर नाव खांबापासून लांब मागे गेली असती. वारा आला तो समोरून आला. त्यामुळे धक्का आणि खांबाच्या मधून जायचं राहिलंच. आम्ही मागे फिरून दुसऱ्या खाडीनं, लांबच्या वाटेनं सुताराकडे जायचं ठरवलं. त्याआधी जेवून घेऊ म्हणालो. म्वानाहावानं डब्यात भात आणि मासा दिला होता. थाळा एकच होता. तिघे त्याच्याभोवती बसलो, शेकुवे मधेच शिंकत होता.

शेकुवेनं माशाचा मोठा तुकडा अवुलेच्या बाजूला सरकवला. अवुलेनं तो मधे ढकलला. शेकुवेनं परत सरकवला, अवुलेनं परत ढकलला. मग दोघांनीही हात आखडले आणि खांबावरच्या बगळ्याकडे बघत बसले. भात संपला. तुकडा मधेच पडून होता, गार होत होता.

शेवटी तो मी खाल्ला.